आत्याचे घोडे

आमच्या शुगर लँडच्या घरात जेवणाचं टेबल होतं, पण त्यावर जेवण मात्र होत नसे. प्रज्ञा आत्या आल्यापासून ते टेबल अरबी समुद्राच्या मालकीचं झालं होतं. एका टोकाला होर्मुझ आणि एडन, मधे निळा कागद, आणि भिंतीच्या बाजूला चौल, दाभोळ, गोवा, भटकळ ही आपली बंदरं. नकाशा तिने चार कागद चिकटवून स्वतः काढला होता. कोपरे उडू नयेत म्हणून त्यांवर आईचे मसाल्याचे डबे ठेवलेले असत. आम्ही तिघं ताटं मांडीवर घेऊन सोफ्यावर जेवायचो, आणि आत्या दाभोळच्या शेजारी वाटी ठेवून उभ्याउभ्याच. बाहेर टेक्सासचा उन्हाळा भिंतीला टेकून बसलेला. एसीची घरघर इतकी सततची की वीज गेली की ती ऐकू यायची, म्हणजे तिचं नसणं ऐकू यायचं. गराजच्या दाराबाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरे. आई म्हणायची, "हे गाव म्हणजे कुकर आहे, शिट्टीच नाही त्याला."

आत्या म्हणजे पप्पांची धाकटी बहीण. नागपूरला इतिहासात एम.ए. करून ह्यूस्टनला पीएच.डी.ला आली होती आणि भाडं परवडत नाही म्हणून आमच्याकडे राहायची. तिचा विषय होता दख्खनचा घोड्यांचा व्यापार. ओळखीच्या काका-काकूंना हे सांगताना पप्पा जरा अडखळायचे. सगळ्यांची भाचे-पुतणे मंडळी कॉम्प्युटर नाही तर मेडिकलमध्ये. आमची एकटी घोड्यांमध्ये. पण मनातून त्यांना तिचा फार अभिमान होता. पप्पा स्वतः समुद्रातल्या तेलविहिरींची यंत्रसामग्री डिझाइन करणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर होते. पहाटे निघायचे, फ्रीवेवर तास-दीड तास घालवून ऑफिसला पोचायचे, आणि संध्याकाळी आल्यावर बूट काढता काढता पहिला प्रश्न तिलाच, "काय व, आज किती घोडे उतरले?"

आई आठवडाभर घर बघायची आणि रविवारी सकाळी कम्युनिटी हॉलमध्ये पोरांना बुद्धवंदना आणि मराठी शिकवायची. व्हिसामुळे तिला नोकरी करता येत नव्हती. नागपूरला ती शाळेत शिक्षिका होती. इथे तिच्या वर्गात आठवड्याला एकदा येणारी आठ-दहा मुलं, आणि तीही "बुद्धं सरणं गच्छामि" म्हणून झालं की डोनटच्या टेबलाकडे धावणारी. त्यांच्यात मी सगळ्यात मोठी आणि सगळ्यात आळशी. घरात माझ्याशी सगळे मराठीत बोलायचे आणि मी इंग्लिशमध्ये उत्तरं द्यायचे. कोणालाच त्याचं काही वाटत नसे. पाऊस पडतो तसं ते चाललेलं असे.

एका संध्याकाळचं बोलणं अजून जसंच्या तसं आठवतं. आईने पाटवडीचा रस्सा केला होता, नागपूरच्या तिखटाचा. पप्पांच्या कपाळावर घाम आणि तरी तिसऱ्यांदा वाढून घेतलेलं. आत्या सांगत होती की आपल्या दख्खनच्या हवेत चांगला घोडा पैदा होत नाही, पैदा झाला तरी टिकत नाही. त्यामुळे विजयनगर काय, बहमनी काय, सगळ्यांची लढायची ताकद अरबस्तानातून आणि इराणातून येणाऱ्या जहाजांवर टांगलेली. ज्याच्या हातात बंदर त्याच्या हातात घोडे, आणि ज्याच्या हातात घोडे त्याचं राज्य. गोव्यासाठी ही दोन राज्यं पुन्हापुन्हा भांडली ती काय समुद्राची हवा खायला?

"घोडा जहाजात मेला तर?" पप्पांनी विचारलं. त्यांचं डोकं कायम वाहतुकीत माल खराब होण्याकडे.

"तर व्यापारी त्याची शेपटी कापून आणायचा. शेपटी दाखवली की राजा पूर्ण किंमत द्यायचा. प्रवाशांनी लिहून ठेवलंय तसं."

पप्पा हसून खोकायलाच लागले. "वा रे राजा! आमच्या कंपनीले नेमा लागते असा अकाउंटंट!"

मीही हसले. "दॅट्स सो डंब," मी म्हटलं.

"डंब नाही," आत्या म्हणाली. "त्याला घोडे इतके हवे होते की व्यापारी घाबरून दुसऱ्या बंदरात जाऊ नये एवढंच तो बघत होता. शत्रूकडे एक घोडा कमी गेला तरी त्याची किंमत वसूल." मग तिने वाटी खाली ठेवली. "दादा, मला वेगळंच छळतंय. समुद्रात मेला तो समुद्रात गेला. पण घाट चढताना मेला, तबेल्यात मेला, असे शेकड्यांनी मेले असतील. त्यांना आपल्याकडचा चारा मानवत नव्हता, त्यांची निगा कशी राखायची ते माहीत असलेली माणसं कमी. शेपटी राजाकडे गेली. बाकीचा घोडा कोणी ओढला?"

टीव्ही चालू होता तो आईने बंद केला. पप्पांनी घास हातातच धरला होता. माझे आजोबा गावात मेलेली ढोरं ओढायचे, हे मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं. धम्म घेतला त्या वर्षी त्यांनी ते काम सोडलं आणि गावाने त्यांचं पाणी तोडलं, हेही त्याच संध्याकाळी, त्या रश्श्याच्या वाफेत, पप्पांनी सांगितलं. माझ्याकडे न बघता, नकाशाकडे बघत. "बाबा कधी बोलले नाहीत," ते म्हणाले. "हात मात्र सारखे धुवायचे. म्हातारपणीही."

"त्यांचं नाव कुठल्या इतिहासात येणार, दादा?" आत्या म्हणाली. "बंदराचं येतं, राजाचं येतं, घोड्याच्या जातीचंसुद्धा येतं."

आज हे लिहिताना आमच्या गावाच्या नावाकडे लक्ष जातं. साखरेचं गाव म्हणून आम्ही त्याच्यावर विनोद करायचो, जुन्या रिफायनरीच्या विटांच्या इमारतीसमोर फोटो काढायचो. एके काळी तिथला ऊस सरकारने मळेवाल्यांना भाड्याने दिलेल्या कैद्यांकडून, बहुतेक काळ्या माणसांकडून, मरेपर्यंत कापून घेतला गेला हे मला फार नंतर समजलं. आम्ही ज्या मातीवर हिरवळीचे पट्टे अंथरून राहत होतो तिच्याबद्दल त्या टेबलावरचा प्रश्न कोणीच विचारला नव्हता. आत्यानेही नाही. तिचं सगळं लक्ष दाभोळवर.

तिची अडचण वेगळी होती. तिच्या गाइड, एक पिकल्या केसांच्या, बोलायला मऊ पण कामाला कडक बाई, तिला सारखं विचारायच्या: विजयनगर पडलं म्हणून बंदरं ओस पडली, की बंदरं आधीच हातची गेली म्हणून विजयनगर पडलं? काहीतरी एक बाजू घे. आत्याला ती घेता येत नव्हती. पोर्तुगीजांनी गोवा घेतला, समुद्राची वाट अडवली, स्वतःला वाटेल त्यालाच घोडे विकले, हे एकीकडे. दुसरीकडे, लढाईत ती राजधानी जळाली आणि त्यानंतर गोव्याचाही व्यापार सुकला, कारण सगळ्यात मोठं गिऱ्हाईकच गेलं. कोंबडी आधी की अंडं, म्हणत ती नकाशाभोवती फेऱ्या मारायची. तिच्या प्रबंधाचं ते प्रकरण महिनोन् महिने अडलेलं होतं.

त्याच उन्हाळ्यात तेलाचा भाव कोसळला.

सुरुवातीला ते बातम्यांमध्ये होतं. मग कारपूलमधले एक काका दिसेनासे झाले. मग पप्पांच्या बोलण्यात "ले-ऑफ" हा शब्द येऊ लागला, आधी दुसऱ्यांच्या नावापुढे. एका गुरुवारी दुपारी मी शाळेतून आले तर त्यांची गाडी दारात. ते सोफ्यावर बसले होते, ऑफिसचं ओळखपत्र अजून गळ्यात. आईने चहा ठेवला होता आणि तो उतू गेला होता, आणि ती शेगडी पुसत होती, पुसलेली जागाच पुन्हा पुसत होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पप्पांची नोकरी होती म्हणून त्यांचा व्हिसा होता, त्यांचा व्हिसा होता म्हणून आईचा होता. ग्रीन कार्डाच्या रांगेत ते माझ्या जन्माच्या आधीपासून उभे होते. आता दोन महिन्यांच्या आत दुसरी नोकरी मिळाली नाही तर देश सोडायचा. घरात अमेरिकन पासपोर्ट फक्त माझा, कारण मी इथल्याच हॉस्पिटलात जन्मलेली. आत्या विद्यार्थी, तिचं वेगळं. एकाच छपराखाली आमची तीन प्रकारची माणसं होती आणि मला ते त्या दिवसापर्यंत कधी जाणवलं नव्हतं.

पप्पा अर्ज करत राहिले. पण सगळ्या कंपन्या एकाच विहिरीचं पाणी पिणाऱ्या. पप्पा सवयीने पहाटे उठायचे, दाढी करायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि मग जायला कुठेच नाही म्हणून अंगणातली हिरवळ कापायचे. इतकी कापली की ती पिवळी पडली. एकदा आत्या फोनवर तिच्या गाइडबाईंना विजयनगरच्या पडझडीबद्दल काहीतरी उत्साहाने सांगत होती. फोन ठेवल्यावर पप्पा दारातून म्हणाले, "तुझं राज्य पाचशे वर्षांमागं बुडलं, प्रज्ञा. माझं आत्ता बुडून राह्यलं. जरा हळू बोलत जा."

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून परतले तेव्हा टेबल मोकळं होतं. आत्याने नकाशाची गुंडाळी करून कपाटावर टाकली होती. त्या रात्रीचं जेवण आम्ही चौघं टेबलावर बसून जेवलो, आणि ते इतकं परकं वाटलं की पप्पाच शेवटी म्हणाले, "हे काय लावलं? आण तो समुद्र परत."

त्यानंतरच्या शनिवारी आत्याला गॅल्व्हेस्टनला जायचं होतं. ती कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांचा वर्ग घ्यायची आणि त्यांना खऱ्या बंदराचे फोटो दाखवावेत असं तिच्या मनात होतं. तिला गाडी चालवता येत नव्हती. पप्पा म्हणाले, "चला, मी नेतो." आई आली नाही. "तुम्ही जा, मला कपाटं आवरायचीत," म्हणाली. कपाटं आवरणं म्हणजे काय हे आम्हाला सगळ्यांनाच समजलं.

बंदराच्या रस्त्याला लागलो आणि पाण्यात त्या दिसल्या. तेलविहिरी खोदायच्या प्रचंड रिग्ज, पाय वर उचललेल्या, एकीला लागून एक उभ्या. खोल समुद्रात असायला हव्यात त्या किनाऱ्याला आणून बांधलेल्या. लहानपणी पप्पांनी मला त्यांची चित्रं दाखवून झोपवलं होतं. त्यांनी गाडी कडेला घेतली. आम्ही उतरलो. खारट, डिझेलमिश्रित वास, अंगाला चिकटणारी हवा, दोरीवर रांगेने बसलेले पेलिकन. पप्पा पाण्याच्या कडेपर्यंत चालत गेले. एका रिगकडे बोट करून म्हणाले, "तिच्या क्रेनचा पाया माझा आहे." मग तिचा गंज त्यांना दिसला असावा, कारण त्यांनी बोट खाली घेतलं.

आत्या फोटो काढत होती. पप्पा आपल्याशीच बोलल्यासारखे बोलू लागले. त्या पत्र्याच्या शेडमध्ये वेल्डर होते. तिकडे रंगवाले. या कोपऱ्यावर एका मेक्सिकन बाईचा जेवणाचा ट्रक असायचा, साइटवर आलो की तिच्याकडचेच टॅको. मागच्या वर्षी आलो तेव्हाच ती नव्हती. वेल्डरही निम्मे गेले होते. "तेव्हा भाव चांगला होता. रिग्ज सगळ्या कामावर होत्या. आमच्या ऑफिसात केक कापत होते. मी म्हटलं, ट्रक कुठं गेला? कोणी म्हणालं, असेल गेली दुसरीकडे. कामाच्या नव्या ऑर्डरी कमी झाल्या ते त्या लोकांले आमच्या आधी समजलं होतं. रोजच्या हातावर पोट. ते थांबत नाहीत. जहाज सगळ्यात शेवटी थांबते."

आत्याने फोन खाली केला. "दादा, परत सांग."

"काय?"

"आधी कोण जातं ते."

त्यांनी परत सांगितलं, आता जरा जोरात, इंजिनिअरसारखं, हाताने हवेत खुणा करत. दुरुस्तीवाले आधी, मग जेवण देणारे, मग छोटे ठेकेदार, मग आम्ही, मग जहाजं, आणि मालक सगळ्यात शेवटी, आणि तोही श्रीमंतच राहून. आत्या तिथेच, एका जाड लोखंडी खुंटावर बसली. तिचा चेहरा उन्हाने लाल झाला होता. "मी राजांकडे बघत बसले," ती म्हणाली. "जकात किती, जहाजं किती. नाल ठोकणारे कधी गेले ते बघायला हवं होतं. खोगिरं शिवणारे. चारा विकणारे. घोड्यांची निगा राखणारे मोतद्दार. ते जर लढाईच्या आधीच निघून गेले असतील, तर..."

"तर तुले बाजू घ्यायची गरज नाही," पप्पा म्हणाले. "दोन्ही एकाच वेळी सडत होतं."

त्या दोघांना मी असं कधी पाहिलं नव्हतं. पप्पांच्या चेहऱ्यावर कित्येक आठवड्यांनी रंग आला होता. पुढे आत्याने खरोखर जुने दानलेख आणि प्रवासवर्णनं नव्याने चाळली. दोन-तीन जागी पुसट खुणा मिळाल्या, पुरावा म्हणाव्या इतक्या नाहीत. तिने प्रकरणात तसंच स्पष्ट लिहिलं: पुरावा नाही, दाट शंका आहे. गाइडबाईंना ते वाक्य सगळ्यात आवडलं म्हणे.

पण त्या दिवशी तेवढंच झालं नाही. समुद्राच्या भिंतीलगतच्या एका दुकानात आम्ही तळलेली कोळंबी खायला बसलो. पप्पांनी लिंबू पिळलं, पण खाल्लं नाही. म्हणाले, "मुदत संपायची वाट बघत बसायचं नाही. कोणी दार दाखवण्याआधी आपण आपल्या पायानं जाऊ. नागपूरला काही तरी मिळंलच." आणि मग माझ्याकडे वळून, "तुझी शाळा संपायला एक वर्ष आहे. तू इथली आहेस. तू आमच्यासंग येशील का प्रज्ञाजवळ राहशील, ते तू सांग. मी ठरवणार नाही."

मला आजवर कोणी असं विचारलं नव्हतं. कोणत्या रंगाचा ड्रेस, कोणता सिनेमा, एवढंच. मी काहीतरी इंग्लिशमध्ये म्हणायला गेले आणि ते जिभेवर येईना. "मला थांबायचंय, पप्पा," मी म्हटलं. मराठीत. त्यांनी मान हलवली, एकदाच, आणि कोळंबीची टोपली माझ्याकडे सरकवली.

आईला सांगायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. स्वयंपाकघराच्या दाराआडून मला तिचा आवाज ऐकू आला. "सोळा वर्षांची पोर! अहो, मी विमानात बसून पोर मागे ठेवून जाऊ? असं कोण करतं?" पप्पा हळू आवाजात म्हणाले, "माझ्या बाबांनी मले तेरा वर्षांचा असताना हॉस्टेलला सोडलं होतं." "तुमचं नागपूर होतं! हा समुद्रापलीकडचा देश आहे!" मग भांड्यांचा आवाज, फार मोठा.

ती माझ्याशी चार दिवस धड बोलली नाही. पाचव्या दिवशी संध्याकाळी आत्याला आणि मला दोघींना हाक मारली. ओट्यावर ज्वारीचं पीठ परातीत काढलेलं.

"प्रज्ञा, भाकरी येते तुला?"

"नाही वहिनी. तुटतात."

"पीएच.डी. करतेस ना? मग दोघी शिका. मी गेल्यावर ही पोर पिझ्झ्यावर जगलेली मला चालणार नाही." आणि माझ्या हातावर हात ठेवून तिने पीठ मळायला लावलं. तिचे हात गरम होते. ती रडत होती आणि त्याच वेळी सांगत होती की पाणी कढत पाहिजे, कोमट चालणार नाही. माझी पहिली भाकरी टेक्सासच्या नकाशासारखी झाली. आईने ती स्वतःच्या ताटात घेतली, कोणाला देऊ दिली नाही.

घर सोडायचं होतं. आत्याने युनिव्हर्सिटीजवळ एका खोलीचं अपार्टमेंट बघितलं. फर्निचर ओळखीच्या घरांमध्ये वाटलं गेलं. रविवारचा वर्ग दुसऱ्या राज्यातून नव्याने आलेल्या एका मावशींनी घेतला. जायच्या आधीच्या रविवारी मुलांनी आईसाठी वंदना म्हटली, आणि त्या दिवशी एकही जण मधेच डोनटकडे पळाला नाही. मीसुद्धा शब्द न चुकता म्हटली.

विमानतळापर्यंत पप्पांनीच गाडी चालवली. बॅगा उतरवल्या. रस्त्याकडेचा पोलीस गाडी हलवा म्हणून शिट्टी वाजवत होता, त्यामुळे निरोपाला वेळच मिळाला नाही, आणि आता वाटतं, बरं झालं. आईने आत्याला सांगितलं, "रागव हिच्यावर, पण उपाशी झोपू देऊ नको." माझा चेहरा तिने दोन्ही हातांत धरला आणि सोडला. पप्पांनी किल्ली माझ्या तळहातावर ठेवली.

"मी? फ्रीवेवर?" मला लायसन्स मिळून जेमतेम महिना झाला होता. शेजारच्या गल्ल्यांपलीकडे मी गाडी नेली नव्हती.

"दुसरं कोण आहे?" ते म्हणाले. "प्रज्ञाले तर घोडाही चालवता येत नाही."

ते काचेच्या दारातून आत गेले. शिट्टी पुन्हा वाजली. मी सीट पुढे ओढली, आरसे माझ्या उंचीला लावले. आत्याने पट्टा बांधला आणि दाराची मूठ घट्ट धरली. रॅम्पवरून वर जाताना उजवीकडून, डावीकडून ट्रक सुसाट चाललेले, मधे शिरायला जागा दिसेना. मागच्याने हॉर्न दिला.

"आत्या, मागे बघ. कोणी येतंय का?"

तिने मान वळवून मागे पाहिलं, नीट, संशोधकासारखं, वेळ घेऊन. "त्या निळ्या ट्रकनंतर जागा आहे," ती म्हणाली. "तो जाऊ दे. आता. घे."

मी घेतली.